कोंबडी पेंगायला लागली की: घरच्या कोंबड्यांचे नेहमीचे आजार आणि त्यांवरचे उपाय

कोंबडी आजार लपवते. अशक्त दिसणाऱ्या कोंबडीला कळपातल्या बाकीच्या टोचून हैराण करतात, घारी-कावळ्यांची नजरही आधी तिच्यावरच जाते. त्यामुळे अंगात त्राण असेपर्यंत ती इतरांबरोबर फिरत राहते, दाणे टिपल्यासारखं करत राहते. पिसं फुगवून, मान आत ओढून ती कोपऱ्यात पेंगताना दिसते तेव्हा आजार बहुतेक दोन-तीन दिवसांचा झालेला असतो. म्हणून औषधांच्या नावांआधी बघायचं कसं ते शिकून घ्यायला हवं.

मुंबईत कोंबड्या पाळणारी घरं अजून पुष्कळ आहेत. गोराई-मनोरीची गावठाणं, वर्सोवा-माहुलचे कोळीवाडे, आरेतले पाडे, पूर्व उपनगरांतल्या बैठ्या चाळी, सगळीकडे पत्र्याखाली एखादं खुराडं सापडतंच. पोल्ट्रीवरची बहुतेक माहिती हजारो पक्ष्यांच्या शेडसाठी लिहिलेली असते, नाहीतर कोरड्या हवेच्या गावांसाठी. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेल्या दिवसांतही हवा दमट असते. माझं ठाम मत आहे की मुंबईतल्या घरच्या कोंबड्यांचे निम्म्याहून जास्त त्रास ओलीतून सुरू होतात. खुराडं कोरडं ठेवणाऱ्या घरात औषधाची बाटली क्वचितच निघते.

अंधार पडल्यावर हातात घ्या

दिवसा कोंबडीमागे धावून तिला दमवू नका. संध्याकाळी त्या खुराड्यात शिरल्या, डोळे मिटू लागले, की एकेक उचलून मांडीवर घ्या आणि मोबाइलचा टॉर्च लावा. गळ्याखाली उजवीकडे दाण्याची पिशवी हाताला लागते. रात्री ती भरलेली आणि सकाळी दाणे टाकण्याआधी रिकामी असायला हवी. रात्रीच रिकामी असेल तर कोंबडी दिवसभर जेवलेली नाही. मग छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असेल तर ठीक. हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागत असेल तर ती बरेच दिवस आतून झिजते आहे, वरून पिसांमुळे कितीही गुबगुबीत दिसो.

शेपटीखालची पिसं बाजूला करा. तिथे शीट चिकटलेली आहे का, पिसांच्या मुळाशी पांढरे गुठळे आहेत का, ते पाहा. तळपाय उलटा करून बघा. शेवटी कान तिच्या पाठीशी नेऊन दोन मिनिटं गप्प बसा. श्वासातली घरघर दिवसाच्या गोंगाटात ऐकू येत नाही, रात्री लगेच कळते.

तुऱ्याचा रंगही बरंच सांगतो. अंड्यावर असलेल्या, म्हणजे अंडी देत असलेल्या, कोंबडीचा तुरा लालभडक असतो. तो फिका पडला तर जंत, रक्त पिणारे किडे किंवा रक्ती हगवण यांचा विचार करा. मात्र तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, अजून अंड्यावर यायची असेल किंवा कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी द्यायची थांबून उबवायला बसलेली असेल, तर फिका तुरा हा आजार नाही. तुरा निळा-जांभळा झाला तर वेळ दवडू नका. तिला श्वास पुरत नाही, नाहीतर एखादा घातक रोग आत शिरला आहे.

शीट बघायची लाज नको

निरोगी शीट तपकिरी-हिरवट, जरा घट्ट आणि वर पांढरी टोपी असलेली असते. ती टोपी म्हणजे तिची लघवी. दिवसातून एक-दोनदा चॉकलेटी, चिकट आणि घाण वासाची शीटही पडते. नवीन पाळणारे तिला घाबरून औषध आणायला धावतात, पण ती आतड्याच्या आंधळ्या नळ्यांमधून येणारी नेहमीचीच शीट आहे. उन्हाळ्यात भरपूर पाणी प्यायल्यावर पातळ झाली तरी चिंता नाही.

चिंता करायची ती रक्त दिसलं तर, गडद हिरवी पाण्यासारखी हगवण लागली तर, आणि पिल्लाच्या ढुंगणाशी पांढरी शीट घट्ट चिकटून वाटच बंद झाली तर. पिल्लाला कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने अलगद मोकळं करा, ओढून सोलू नका. पुन्हा पुन्हा तेच होत असेल तर त्याला ऊब कमी पडते आहे का ते आधी बघा. पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण ३५ अंश ऊब लागते, नंतर दर आठवड्याला तीनेक अंश कमी केली तरी चालते. पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढून गठ्ठा करत असतील तर गारठली आहेत. दिव्यापासून लांब पळून चोच उघडी ठेवत असतील तर त्यांना उकडतंय. बाजारात विकायला येणारी गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली पिल्लं मुलांच्या हट्टापायी घेतली जातात. त्यांना बहुधा ना लस टोचलेली असते, ना ऊब मिळालेली, आणि ती पटापट मरतात. ती घेऊच नयेत असं मला मनापासून वाटतं.

रक्ती हगवण

जुलै-ऑगस्टमध्ये तीन ते आठ आठवड्यांची पिल्लं अचानक मलूल होतात, पंख खाली सोडतात आणि शिटेत रक्त दिसतं. हा कॉक्सिडिओसिस. आयमेरिया नावाचा सूक्ष्म परजीवी आतड्याचं अस्तर फाडतो. त्याची अंडी शिटेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच रोग देत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत पिकतात आणि मग दाण्याबरोबर दुसऱ्या पिल्लाच्या पोटात जातात. मुंबईचा पावसाळा त्यांना हवी ती ओल आणि ऊब दोन्ही देतो. साध्या फिनाईलने ती मरत नाहीत.

उपाय आहे. अँप्रोलियम नावाची पावडर किंवा द्रावण पशुखाद्याच्या दुकानात मिळतं. पाकिटावर दिलेल्या मात्रेत ते पाच ते सात दिवस पिण्याच्या पाण्यात द्यायचं आणि त्या दिवसांत दुसरं पाणी ठेवायचं नाही. फक्त आजारी दिसणाऱ्या नव्हे, त्या खुराड्यातल्या सगळ्या पिल्लांना द्या. एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. अँप्रोलियम परजीवीला ब-१ जीवनसत्त्व वापरू देत नाही, त्यामुळेच तो मरतो. त्याच पाण्यात ताकदीसाठी म्हणून बी-कॉम्प्लेक्स मिसळलंत तर औषधाचा परिणाम तुम्हीच घालवता. जीवनसत्त्वं औषध संपल्यावर द्या.

पण खरा उपचार खाली पसरलेल्या तुसाचा. भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा मूठभर उचलून आवळा आणि सोडा. लाडवासारखा गोळा राहिला तर तो ओला आहे, बदलायलाच हवा. मूठ उघडताच सुटा झाला तर ठीक. पाण्याचं भांडं विटेवर, पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ठेवा, म्हणजे ते सांडत नाही आणि त्यात शीट पडत नाही. पावसाची झड येते त्या बाजूला ताडपत्री लावा, पण वरचा वीतभर भाग मोकळा सोडा. चारही बाजूंनी बंद केलेलं खुराडं आतल्या आत घामेजतं आणि शिटेतला अमोनिया डोळ्यांना झोंबतो. तुमचे डोळे चुरचुरले तर कोंबड्यांना त्रास कधीचाच सुरू झालेला आहे.

दाण्याचंही तसंच. पावसाळ्यात मका आणि शेंगदाण्याची पेंड यांना बुरशी धरते आणि तिचं विष यकृत खातं. वास कुबट आला, गोळे झाले, तर पोतंच्या पोतं टाकून द्यावं लागलं तरी द्या. ऊन दाखवून बुरशी जाते, विष जात नाही.

मानमोडी, म्हणजे राणीखेत

घरच्या कोंबड्यांचा सगळ्यांत मोठा शत्रू हाच. कोंबडी श्वासाला धापा टाकते, हिरवी हगवण लागते, पाय-पंख लुळे पडतात आणि काही दिवसांनी मान पिळवटून मागे किंवा एका बाजूला वळते. लस नसलेल्या कळपात जवळजवळ सगळं खुराडं दोन-चार दिवसांत रिकामं होऊ शकतं. हा विषाणू आहे, याला औषध नाही. मेडिकलवाला देईल त्या अँटिबायोटिकने तो बरा होत नाही. याबाबतीत खोटी आशा कुणी देऊ नये.

लस मात्र उत्तम आहे. पहिल्या आठवड्यात, साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी, लासोटा किंवा एफ जातीच्या लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात लासोटा पुन्हा. आठ आठवड्यांच्या पुढे आर-टू-बी लशीचं इंजेक्शन. मध्ये चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो या पिल्लांच्या दुसऱ्या विषाणूजन्य रोगाची लस. थेंब डोळ्यात टाकल्यावर पिल्लू पापणी मिटेपर्यंत हातात धरा, नाहीतर थेंब गालावरून ओघळतो आणि लस दिली असं समजून आपण निर्धास्त होतो. लस निरोगी पक्ष्यालाच द्यायची. लस लागलेलं बोट आपल्या डोळ्यात जाऊ देऊ नका, त्याने माणसाचे डोळे काही दिवस लाल होतात.

अडचण अशी की लशीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते आणि घरात पक्षी असतात सहा. एकदा कालवली की ती तास-दोन तासांत संपवावी लागते, उरलेली फ्रीजमध्ये ठेवून उपयोग नाही. यावर चांगला मार्ग म्हणजे गावठाणातल्या, आळीतल्या सगळ्यांनी एक सकाळ ठरवायची, खर्च वाटून घ्यायचा आणि एकाच दिवशी सगळ्यांच्या कोंबड्यांना लस द्यायची. शेजारच्या काकूंच्या कोंबड्यांना लस नसेल तर तुमच्याही पूर्ण सुरक्षित नाहीत, कारण आपल्या कोंबड्या एकाच उकिरड्यावर चरतात. दुकानातून घरी आणताना कुपी बर्फात हवी. लोकलच्या गर्दीत खिशात आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

पिण्याच्या पाण्यातून लस द्यायची असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि क्लोरीन लशीतला जिवंत विषाणू मारतं. क्लोरीन नसलेलं विहिरीचं स्वच्छ पाणी घ्या, त्यात थोडी बिनसायीची दूध पावडर कालवा आणि मग लस मिसळा. पक्षी थोडे असतील तर हा खटाटोप नकोच, डोळ्यातला थेंब बरा.

देवी

पावसाळा सरताना डास वाढले की तुऱ्यावर, चोचीच्या कडेला, पापणीवर आधी राखाडी पुटकुळ्या येतात, मग त्या काळपट, मस्साळ खपल्या होतात. हात लावला की खरखरीत लागतात, कडेने जरा ओलसर असतात. या खपल्या उपटू नका. खालून रक्त येतं आणि त्यातून रोग आणखी पसरतो. पोव्हिडोन आयोडीन किंवा हळद-तेल लावा, डोळा चिकटून बंद झाला असेल तर कोमट मिठाच्या पाण्याने पुसा, आणि तिला दाणे दिसत नसतील तर भिजवलेली कणी चोचीपाशी धरा. तीन-चार आठवड्यांत खपल्या आपोआप गळतात. चोच उघडून घशात पिवळट पापुद्रे दिसले तर मात्र तो जास्त वाईट प्रकार आहे, तिचा श्वास कोंडतो, डॉक्टरांकडे न्या. माणसांना हा रोग होत नाही. लस आहे, ती पंखाच्या पातळ कातडीत टोचतात. खुराड्याजवळचे टायर, फुटके डबे, कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करणं हाही यावरचा उपचारच आहे.

सर्दी, घरघर आणि अँटिबायोटिक

शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांत फेस, रात्रीची घरघर हे बहुतेक मायकोप्लाझ्मा जंतूचं काम. तोंड एका बाजूला सुजलं आणि नाकाशी दुर्गंधी आली तर कोरायझा. हे दोन्ही जिवाणूंचे आजार, म्हणून यांत अँटिबायोटिकचा उपयोग होतो. पण कोणतं आणि किती दिवस, ते पशुवैद्यकाने ठरवायचं. घरात उरलेली माणसांची गोळी पाण्यात टाकून दोन दिवस दिली की कोंबडी सुधारल्यासारखी वाटते, जंतू मात्र औषधाला सरावतात, आणि तेच जंतू अंड्यातून, हातांतून आपल्या घरात येतात. कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरचं राखीव औषध कोंबड्यांना आणि इतर खाद्य-प्राण्यांना देण्यावर भारतात २०१९ पासून बंदी आहे, ती याच कारणाने. औषध चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस पुढेही अंडी खाऊ नका, कुणाला देऊही नका.

रात्री रक्त पिणारे

उवा अंगावरच राहतात. त्यांची अंडी शेपटीखाली पिसांच्या मुळाशी पांढऱ्या गुठळ्यांसारखी दिसतात. लाल माइट आणि गोचीड मात्र दिवसा खुराड्याच्या फटींत लपतात आणि रात्री येऊन रक्त पितात. त्यामुळे दिवसा कोंबडी तपासली तर काहीच सापडत नाही, आणि ती का सुकत चालली आहे ते कळत नाही. रात्री बसायच्या दांडीखाली पांढरं फडकं अंथरा, पहाटे बघा. लाल-करडे ठिपके सरपटताना दिसले तर चोर सापडला.

कोंबडीपेक्षा खुराड्याचा इलाज आधी करा. सगळं बाहेर काढा, फटींत उकळतं पाणी ओता, वाळवा, चुना फासा, आणि आठवड्याने हे सगळं पुन्हा करा, कारण अंड्यांतून नवे निघालेले असतात. कोंबड्यांना लोळायला कोरडी माती आणि चुलीची राख एका खोक्यात द्या. पावसाळ्यात त्यांना बाहेर कोरडी माती मिळतच नाही, त्यामुळे तेव्हाच उवा वाढतात. अंगाला रॉकेल लावायची जुनी सवय सोडा, त्याने कातडी भाजते. औषधी पावडर डॉक्टरांना विचारून.

पोटातले जंत याच गटातले समजा. कोंबडी खाते खूप आणि वाळते. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांना दर दोन-तीन महिन्यांनी जंतनाशक लागतं.

उकाडा

कोंबडीला घाम येत नाही. तिचं अंग मुळातच ४१-४२ अंश असतं आणि उष्णता बाहेर टाकायला ती चोच उघडून धापा टाकते. दमट हवेत श्वासातली वाफ नीट उडत नाही, म्हणून मुंबईचा ३४ अंशांचा दिवस तिला कोरड्या गावातल्या त्याहून गरम दिवसापेक्षा जड जाऊ शकतो. मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारी लक्ष ठेवा. पत्र्यावर ओलं गोणपाट टाका, पण आत पाणी शिंपडू नका. दाणे पहाटे आणि संध्याकाळी द्या. माठातलं गार पाणी सावलीत ठेवा, त्यात ओआरएस चालतं. कोंबडी कोसळलीच तर तिचे पाय आणि तुरा साध्या गार पाण्याने ओले करा, बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. सारखी धाप लागली की अंड्याचं कवच पातळ होतं, तेही लक्षात असू द्या. कोळीवाड्यात तिसऱ्यांच्या शिंपल्या सहज मिळतात. धुऊन, वाळवून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवल्या की अंड्यावरच्या कोंबड्या हव्या तेवढ्या खातात. खारवलेली मासळी मात्र घालू नका, जास्त मीठ त्यांना विषासारखं बाधतं.

थोडक्यात आवरण्यासारखं

कोंबडी शेपूट खाली करून ताठ उभी राहते, कुंथते, अंडं येत नाही: तिला पोटापर्यंत कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा, बाहेरच्या बाजूला तेल लावा, अंधाऱ्या जागी ठेवा. अंडं आतच फोडायचा प्रयत्न करू नका. सुटलं नाही तर त्याच दिवशी डॉक्टर. तळपायाला काळी खपली आणि सूज असेल तर कोबा किंवा फरशी जबाबदार आहे. गरम मिठाचं पाणी, आयोडीन, पट्टी आणि खाली मऊ तूस. सकाळीही दाण्याची पिशवी कडक भरलेली असेल तर आत दोरा, प्लॅस्टिक किंवा गवत अडकलं असेल. हलक्या हाताने चोळा, उलटी धरून ओतू नका, ती गुदमरते. पिसं गळून कोंबडी भकास दिसणं हा वर्षाकाठचा नेहमीचा बदल आहे, तेव्हा अंडी थांबतात आणि काही आठवड्यांनी परत सुरू होतात.

कोणत्याही आजारात पहिलं काम म्हणजे तिला वेगळी करणं. पुठ्ठ्याचं खोकं, ऊब, पाणी, भिजवलेली कणी, थोडं उकडलेलं अंडं. पाणी चोचीत ओतू नका, जिभेच्या मुळाशीच श्वासाची वाट असते. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा, ती स्वतः गिळेल. बाजारातून आणलेली नवी कोंबडीही निदान दोन आठवडे अशीच वेगळी ठेवा. आजारी कोंबडीचं काम सगळ्यांत शेवटी करा आणि हात साबणाने धुवा.

एकदम मर लागली तर

एका दिवसात दोन-तीन कोंबड्या काही लक्षण न दाखवता मेल्या, तोंड सुजलं, तुरा जांभळा पडला, किंवा आसपास कावळे मरून पडलेले दिसले, तर बर्ड फ्लूची शक्यता धरून चला. देशात कोंबड्यांमधला पहिला उद्रेक २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या नवापूरला झाला. २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या कोंबड्यांत आणि मुंबईतल्या मेलेल्या कावळ्यांतही तो सापडला. मानमोडीची लक्षणं अगदी अशीच असतात, फरक फक्त प्रयोगशाळेत कळतो. अशा वेळी कोंबडी कापू नका, विकू नका, नातेवाइकांकडे हलवू नका. १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर किंवा पशुसंवर्धन विभागाला कळवा. सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही, म्हणून लपवण्यात पाळणाऱ्याचंच नुकसान आहे.

एखादीच मेली आणि असा संशय नसेल तर शवविच्छेदनाइतकं खात्रीचं निदान दुसरं नाही. दुहेरी पिशवीत, बर्फावर, पण न गोठवता, त्याच दिवशी न्या. परळला १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला लागूनच बैलघोडा हॉस्पिटल आहे. जाण्याआधी फोन करून विचारा. मेलेली कोंबडी नाल्यात किंवा कचराकुंडीत टाकू नका, कुत्री-कावळे ती गावभर करतात. जागा असेल तिथे खोल खड्डा, वर-खाली चुना.

मर लागून खुराडं रिकामं झालं असेल तर आतलं तूस काढून त्याचीही तशीच विल्हेवाट लावा. जमीन आणि दांड्या घासून धुवा, उन्हात वाळवा, चुना मारा, आणि नवी पिल्लं आणायची घाई न करता निदान महिनाभर खुराडं रिकामं ठेवा. पावसात हे सगळं करावं लागलं तर तो महिना जागा पूर्ण वाळल्यापासून मोजा.